कोनचा थांबलेला रतीब

१

मंगळवारी सकाळी दुकानाची झाडलोट होते न होते तोच जवळच्या कोन गावातून दामू म्हात्रेचा फोन आला. दामू हा दुकानाचा मालक केसरीनाथ याचा मेव्हणा. त्याच्या मुलीचं, रीमाचं, लग्न येत्या रविवारी होतं. दारात मांडव पडला होता आणि नेमकी आजच देवाच्या फुलांची पुडी आली नव्हती. दामू शांतपणे बोलत होता. तो शांतपणे बोलायला लागला की केसरीनाथला घाम फुटायचा.

तो फोन ठेवला तर दुसरा वाजला, मग तिसरा. सगळे कोनचे आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, आज फुलं आली नाहीत.

भिवंडीत तीनबत्तीला केसरीनाथचं हे दुकान जुनं. पहाटे फुलं पानात बांधायची आणि गिऱ्हाइकाच्या दाराला पुडी अडकवून यायची. रोजचं दूध घालतात तसाच हा फुलांचा रतीब. कोणाला जास्वंद लागते, कोणाला दूर्वा, कोण गावाला गेलंय, हे सगळं केसरीनाथच्या डोक्यात असायचं. पुढे डोकं थकलं आणि एका घरची फुलं दुसऱ्या घरी जायला लागली. तेव्हा सून उन्नतीने रतीब फोनवर आणायचं मनावर घेतलं. मानकोलीच्या एका गोदामात तिची कॉम्प्युटरवरची नोकरी होती, ती तिने त्यासाठी सोडली. माहेरच्यांनी वेड्यात काढलं, तरी वर्षभर ती याच्या मागे होती.

दुकानाचं ॲप आधीपासून होतं. त्यात तिने रतीबाचं नवं पान केलं. कोनमध्ये जो तो म्हात्रे, तेव्हा नावावरून घर ओळखणं अवघड. म्हणून तिने पुड्या पोचवणाऱ्या लडकूकडून घराघराच्या दाराचे फोटो काढून घेतले. दाराच्या फोटोखाली भरलेला हार दिसला की रतीब चालू. त्यावर बोट दाबलं की नुसता दोरा उरतो, म्हणजे रतीब थांबला. पुन्हा कधी सुरू करायचा तो वार निवडायचा, की झालं. अक्षर न वाचणाऱ्यालाही हे जमलं पाहिजे असा उन्नतीचा हट्ट होता. सासूला शेजारी बसवून, जिथे तिचं बोट अडखळेल तिथलं चित्र ती बदलत गेली होती.

आता उन्नतीने दुकानाचा फोन उघडला. कोनच्या कितीतरी दारांखाली नुसता दोरा होता.

केसरीनाथने ते पाहिलं. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं.

“माझ्या डोक्यात होतं तेव्हा चुका व्हायच्या,” तो म्हणाला, “पण अख्खं गाव कधी उपाशी राहिलं न्हाय. आज संध्याकाळपर्यंत मना सांग हे कोणी केलं. न्हायतर तुझं ते पान बंद कर आणि तू घर सांभाळ.”

उन्नतीने मान हलवली. तिला जे कळलं होतं ते तिने अजून सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाने आपल्या फोनवरून रतीब थांबवला तर तसं दिसतं. ॲप न वापरणाऱ्यांसाठी दुकानाच्या फोनवरूनही थांबवता येतो, आणि तो तसा थांबवला तर तेही दिसतं.

कोनची ही दोरा उरलेली सगळी दारं काल दुपारी याच फोनवरून थांबवली होती. आणि हा फोन घरच्या आणि दुकानातल्या माणसांशिवाय कोणाच्या हातात जात नव्हता.

२

उन्नतीने पूर्णा गावी राहणाऱ्या आत्याला फोन करून सगळं सांगितलं. गुणाबाई ही केसरीनाथची थोरली बहीण. घरात तिला सगळे बाय म्हणत, उन्नती मात्र आत्या म्हणे. पूर्ण्याच्या तंटामुक्ती समितीवर तिने बरीच वर्षं काढली होती. बांधाची भांडणं, भावाभावांची भांडणं, हरवलेल्या कोंबड्या, सगळं तिच्यापुढे येऊन गेलं होतं. हे कोणी केलं असं ती कधीच विचारत नसे. समोरच्याच्या हातात काहीतरी काम द्यायची आणि भलत्याच गोष्टीवर बोलायची. हात कामाला लागले की तोंडाला खोटं रचायला सवड मिळत नाही, असं तिचं म्हणणं.

रिक्षातून उतरली ती चहा मागतच. मग झेंडूची टोपली मधे ओढली आणि सगळ्यांच्या हातात सुई-दोरा दिला. दामूच्या दारातल्या मांडवाचे हार करायचेच आहेत, बसा, म्हणाली.

केसरीनाथ फुलांवर राग काढत ओवत होता. काल दुपारी तो माळ्यावर झोपला होता. उठल्यावर फोन नेहमीच्या जागीच होता, एवढंच त्याला आठवत होतं.

उन्नतीचा नवरा मितेश याने दुसऱ्याच फुलाला बोटात सुई टोचून घेतली. दुकानाचा गाळा एखाद्या कुरिअरवाल्याला द्यावा असं तो सहा महिने म्हणत होता. बापाला ते ऐकायचं नव्हतं. रतीब बुडाला असता तर त्याचंच म्हणणं खरं झालं असतं. काल दुपारी कुठे होतास, असं गुणाबाईने सहज विचारलं, तर मित्राकडे म्हणाला. कोणत्या मित्राकडे, तर नाव सांगायला त्याला दोन फुलं ओवण्याएवढा वेळ लागला.

लडकू हा पुड्या पोचवणारा, चाळिशीचा, स्कूटरवर दुकानाआधी देवाचं नाव रंगवून घेणारा माणूस. त्याचीही ॲपवर नाराजी होती. आधी बायका खिडकीतून सांगायच्या, लडकू उद्या जास्वंद आण रे. आता फोन सांगतो. गुणाबाईने त्याला विचारलं की एवढ्या पुड्या कमी दिल्या तेव्हा तुला काहीच वाटलं नाही का.

“वाटलं की,” लडकू म्हणाला. “पण दामूशेटकडं लग्न हाय. म्हटलं सगली भावकी तिथंच जेवणार, तिथंच पूजा करणार. आणि फोनच्या पुढं मी कोण?”

केसरीनाथची बायको सीताबाई टोपलीपासून जरा दूर बसली होती. तिच्या हातात सुई नव्हती. पुड्या बांधायची पानं ओल्या फडक्याने पुसून ती एकावर एक रचत होती. कोन हे तिचं माहेर, दामू तिचा धाकटा भाऊ. काल दुपारी ती दुकानातच होती का, असं विचारल्यावर हो म्हणाली, कुठे जाणार. फोनाबद्दल विचारलं तर म्हणाली, “मना त्यातलं कं कलतं, बाय.”

ते ऐकून उन्नतीने मान वर केली, आणि पुन्हा फुलं ओवायला घेतली.

गुणाबाईने मितेशला वेगळं बाजूला घेतलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण मोकळा होता. तो काल मानकोलीला नोकरीच्या मुलाखतीला गेला होता आणि बापाला कसं सांगावं हे त्याला कळत नव्हतं. गुणाबाईने ते गुपित तिथेच ठेवलं. उन्नतीला तिने एवढंच सांगितलं की रतीब बुडवायचा असता तर त्याने सगळं शहर थांबवलं असतं. इथे कोणीतरी निवडून थांबवलं आहे.

“आणि पुन्हा कधी सुरू करायचं, ते घातलंय का?”

उन्नतीने फोन पाहिला. घातलं होतं, सगळ्या दारांना एकच. लग्नानंतरचा शुक्रवार.

“मोडायला आलेला माणूस परत जोडायचा वार ठरवत न्हाय,” गुणाबाई म्हणाली. “चल, कोनला जाऊ. दारं बघू.”

३

कल्याण रस्त्याला लागून दामूचं नवं तीन मजली घर होतं. त्याच्या मागे जुना पाडा, अरुंद गल्ल्या, आणि पूर्वीपासूनची घरं. लडकू पुढे, मागे उन्नती फोन घेऊन आणि तिच्या मागे गुणाबाई, अशी वरात निघाली. गुणाबाईने दर दारापाशी थांबून विचारलं, इथे पुडी आली का.

दामूकडे नाही. त्याच्या चुलत्याकडे नाही. मधल्या घराला आली होती, जास्वंदीसकट. त्याच्या पुढच्याला नाही. पलीकडे दोन घरांना आली होती, मग कोपऱ्यावरच्याला नाही. उन्नतीला यात काही सूत्र सापडेना. गल्ली म्हणावी तर तीच गल्ली, नाव म्हणावं तर सगळेच म्हात्रे, फुलं म्हणावी तर कोणाला काय कोणाला काय.

गुणाबाई मात्र दर दारापाशी घरच्या बाईला तिच्या आजेसासऱ्याचं नाव विचारत होती. चौथ्या-पाचव्या घरानंतर तिने विचारणं सोडलं आणि पुडी आली नसेल ती घरं आधीच सांगायला लागली. एकही चुकलं नाही.

“सगळी दामूची भावकी आहे,” ती उन्नतीला म्हणाली. “मधली घरं म्हात्र्यांचीच, पण वेगळ्या मुळाची. त्यांना कोणी हात लावला न्हाय.”

पाड्याच्या टोकाला मात्र ती अडकली. तिथे एक जुनं घर होतं, दाराला पितळेच्या फुल्या आणि वर कोरलेले दोन मोर. या घरची पुडी थांबली होती. दार उघडलं ते भाविक नावाच्या तरुणाने. त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता. मागच्या दिवाळीनंतर त्याने हे घर घेतलं होतं आणि दार आवडलं म्हणून तसंच ठेवलं होतं.

“आंटी, मम्मी फूल चढवल्याशिवाय चहा घेत नाही,” तो म्हणाला. “सकाळपासून मला सुनावतेय, जसं काही मीच तोडून खाल्ली फुलं.”

आतून त्याच्या आईने भर घातली की केसरीनाथ शेठ स्वतः वास्तुशांतीला तोरण घेऊन आले होते, एवढा चांगला माणूस, आणि आता हे.

गुणाबाईने विचारलं की हे घर आधी कोणाचं होतं. ठकुबाईचं, लडकू म्हणाला. दामूशेटची चुलत चुलती. घर विकून मानकोलीच्या टॉवरमध्ये राहायला गेली, सहाव्या मजल्यावर. तिचा रतीब चालूच होता. आज सकाळी पुडी दिली की, चाफा घातला होता.

गुणाबाई ओट्यावर बसली. थोडा वेळ ती त्या मोरांकडे बघत राहिली आणि मग बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिली, शुक्रवारपासून उलटं. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

लडकूला तिने पाणी आणायला पाठवलं. तो गेल्यावर म्हणाली, “उन्नती, यांच्या भावकीत कोणीतरी मेलंय. आणि ते कोनमध्ये कोणालाच म्हाईत न्हाय.”

४

उन्नतीला आधी ते पटेना. गुणाबाईने तिला समजावलं. एका मुळाची सगळी घरं, मधलं परक्या मुळाचं एकही नाही, आणि बंद काय केलं तर देवाची फुलं. असं एकाच वेळी होतं. सुतकात. भावकीत कोणी गेलं की त्या सगळ्या घरांत देवपूजा थांबते, आणि तेरावं झालं की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू. शुक्रवार हा तो दुसरा दिवस असेल, तर माणूस गेल्या शनिवारी गेला.

“पण मग सांगितलं का नाही?” उन्नतीने विचारलं, आणि विचारता विचारताच तिची नजर रस्त्याकडच्या मांडवाकडे गेली.

रीमाचं लग्न मागच्या वर्षीच व्हायचं होतं. तेव्हा नवऱ्या मुलाकडची आजी वारली आणि लग्न पुढे गेलं. तिकडची मंडळी तेव्हापासून कुरकुरत होती. पुन्हा असं काही आडवं आलं तर हे लग्न जमवायचंच नाही असा देवाचा संकेत समजू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. हे साऱ्या कोनला ठाऊक होतं. मरणाची बातमी आली असती तर रविवार गेला असता, आणि बहुतेक लग्नही.

तेव्हा ज्याने हे केलं त्याला मरण ठाऊक होतं आणि लग्न व्हायला हवं होतं. पण सुतकातल्या घरांतून देवाला फूल जावं हेही त्याला सोसवलं नव्हतं.

“आता दारं बघ,” गुणाबाई म्हणाली. “भाविकचं दार थांबलं, ठकुबाईचं टॉवरमधलं चालू राहिलं. म्हणजे चूक झाली. अशी चूक कोण करील?”

उन्नती विचार करून बोलली. लडकू रोज इथे येतो, तो चुकणार नाही. तिने स्वतः फोटोखाली नावं घातलेली, ती चुकणार नाही. बाबांनी वास्तुशांतीला तोरण बांधलंय आणि ते नावं वाचून काम करतात. मितेशला भावकीची मुळं सांगता येणार नाहीत, त्याला आपल्याच चुलत्यांची नावं आठवत नाहीत.

“हे दार ठकुबाईचं, असं अजून धरून चालणारं माणूस,” ती हळू म्हणाली. “खाली लिहिलेलं न वाचता नुसतं दार ओळखणारं. लहानपणी या पाड्यात खेळलेलं. आणि आता येतं तेव्हा रस्त्यावरच्या घरातूनच परत जाणारं.”

ती थांबली. तिला ते नाव घ्यायचं नव्हतं.

“आई म्हणाल्या की त्यांना फोनातलं कळत नाही. पण ते पान मी त्यांच्याच बोटाने केलंय, आत्या. मला तेव्हाच बोलायचं होतं.”

“बोलली न्हायस ते बरं केलंस. तिने आज फुलाला हात लावला न्हाय, फक्त पानं पुसली. आणि तुमच्या घरचा दिवा कोणी लावला?”

उन्नतीच्या लक्षात आलं. रविवारपासून गुडघे दुखतात म्हणून सासूने देवाचं तिच्याकडे दिलं होतं. त्याच गुडघ्यांनी ती दुकानाच्या तीन पायऱ्या दिवसभर चढत-उतरत होती.

आता एकच प्रश्न उरला होता. भावकीत असं कोण होतं, की जे मेलं तरी कोनला कळणार नव्हतं?

गुणाबाईला एकच माणूस आठवला, आणि ती ओट्यावरून उठली.

५

दुपारी केसरीनाथ माळ्यावर गेल्यावर गुणाबाई सीताबाईजवळ जाऊन बसली. उन्नती दाराशी उभी राहिली. गुणाबाईने काही विचारलं नाही. पानांची चळत जवळ ओढली, फडकं घेतलं आणि तिच्याबरोबर पानं पुसायला लागली.

बऱ्याच वेळाने म्हणाली, “अनंताला अग्नी कोणी दिला?”

सीताबाईचा हात थांबला. तिने वर पाहिलं नाही. पानावर एक थेंब पडला, तो तिने फडक्याने पुसला.

“राजव्वाच्या भावाने,” ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, अडखळत, मधेच थांबत. अनंता हा तिचा थोरला भाऊ. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्याने पद्मानगरच्या एका तेलुगू विणकराच्या मुलीशी, राजव्वाशी, लग्न केलं. भावकीने त्याला टाकलं. दामू तर त्याचं नाव घेतलं तर ताटावरून उठायचा. अनंताने लूमवर शिफ्टा केल्या आणि त्या धुळीत छाती कामातून गेली. सीताबाई बाजाराचं निमित्त करून त्याला भेटत राहिली. नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं, कारण दुकानाचं अर्धं गिऱ्हाईक माहेरचं होतं.

शेवटी दवाखान्यात तिने त्याला फोनवर रीमाचा फोटो दाखवला. पुतणीला त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. खूप वेळ तो फोटो बघत होता. आपल्या मरणाने पोरीच्या हळदीत खोडा घालू नको, लग्न लागल्यावर सांग, असं त्याने तिच्याकडून वचन घेतलं.

“मी वचन पाळलं,” सीताबाई म्हणाली. “पण सोमवारी लडकू पुड्या भरत होता, त्यात दामूची पुडी दिसली. माझा भाऊ जळून दोन दिस झाले न्हाय, आणि त्याच्या घरचे देव फुलं घेणार. मना बघवेना. पुडी लहान असते, लग्नाच्या गडबडीत कोण बघतो, असं वाटलं.”

“आणि मांडवाचे हार?” उन्नतीने विचारलं.

“मांडवाची फुलं माणसांची, पोरी. पुडी देवाची.”

दामूच्याच घरून पहिला फोन येईल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि उन्नतीवर आळ येईल हे तर मुळीच नाही. सकाळपासून तिला बोलायचं होतं. पण मीच केलं म्हटलं की का केलं ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की रीमाचं लग्न मोडणार. एकीकडे सून, दुसरीकडे भाची, आणि मेलेल्याला दिलेला शब्द.

गुणाबाईने फडकं खाली ठेवलं.

“सीता, सुतक कळल्यापासून लागतं. त्यांना अजून कळलंच न्हाय. त्यांचे देव फुलं घेऊ शकतात, त्यात पाप न्हाय. सुतक एकट्या तुला आहे, आणि ते तू धरलंस. सगळ्या भावकीचं एकटीने धरलंस.”

सीताबाईला हा नियम ठाऊक नव्हता असं नाही. पण तो दुसऱ्या कोणी मोठ्याने म्हणेपर्यंत तिच्या उपयोगी पडला नव्हता. ती तोंडाला पदर लावून रडली. शनिवारपासून पहिल्यांदाच.

वर माळ्यावर खाट वाजली. केसरीनाथ उठला होता.

६

संध्याकाळी त्याने सगळ्यांना समोर बसवलं. दामूचा आणखी दोनदा फोन येऊन गेला होता. केसरीनाथने फक्त उन्नतीकडे पाहिलं.

उन्नतीने दुपारीच ठरवलं होतं. ती म्हणाली की पान करताना तिचीच काहीतरी चूक राहिली असावी, हार आपोआप निघाले. खोटं बोलायची सवय नसल्याने तिचे कान लाल झाले होते. हे म्हटल्यावर रतीब बंद होणार हे तिला माहीत होतं. मितेशने चमकून बायकोकडे पाहिलं. काल दुपारी दुकानाच्या फोनवरून हे झालंय, असं तिनेच सकाळी त्याला सांगितलं होतं.

गुणाबाईने हार गुंडाळायला घेतले. हा गुंता सोडवणं तिच्या हातचं काम होतं, तो कोणापुढे मांडायचा हे नव्हतं.

“मग बंद कर,” केसरीनाथ म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता. सुनेची मेहनत त्यानेही पाहिली होती.

“तिने केलं न्हाय,” सीताबाई म्हणाली. “मी थांबवलं. माझ्या हाताने, एकेक दार बघून.”

केसरीनाथने बायकोकडे असं पाहिलं की जणू त्याच्या दुकानात एखादं अनोळखी गिऱ्हाईक बसलंय. त्याने विचारलं, का.

“लग्न झाल्यावर सांगेन.”

“सीता, मी गिऱ्हाइकांना कं सांगू?”

“दुकानाची चूक झाली म्हणून सांगा. उद्यापासून फुलं पाठवा. का ते आज विचारू नका.”

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला कधी थांबायला सांगितलं नव्हतं. केसरीनाथने बहिणीकडे पाहिलं. गुणाबाई हार गुंडाळत होती, तिने मान वर केली नाही. त्याला एवढं कळलं की बहिणीला ठाऊक आहे आणि ती सांगणार नाही. तो जरा वेळ स्वतःशीच पुटपुटला. मग त्याने दामूला फोन लावून मेव्हण्याची माफी मागितली, आणि ती मागताना त्याला जेवढं जड गेलं तेवढं फोन ठेवल्यावर सगळ्यांना ऐकवलं.

“रविवारपर्यंत राहू दे ते पान,” तो उन्नतीला म्हणाला. “मग बघू.”

म्हणजे निकाल लागला नव्हता, फक्त पुढे गेला होता. उन्नतीने कोनच्या दारांखाली पुन्हा हार चढवले. भाविकच्या दारालाही.

७

रविवारी लग्न लागलं. हार बरे होते, जेवण चांगलं होतं, आणि नवऱ्या मुलाकडच्यांना काढायला खुसपट मिळालं नाही. रीमाची पाठवणी झाली, मांडवात खुर्च्या उलट्या पडल्या, आणि सीताबाई भावाजवळ जाऊन बसली.

गुणाबाई आणि उन्नती लांब उभ्या होत्या. त्यांना बोलणं ऐकू येत नव्हतं. दामू एकदा उठला, चार पावलं गेला, तिथेच उभा राहिला. गुणाबाईला वाटलं, आता हा निघून जाणार. टाकलेल्या माणसाचं सुतक धरायचं की नाही हे त्याच्या मनावर होतं. नाही धरलं तरी त्याला कोणी विचारणार नव्हतं. मग तो परत आला, बहिणीसमोर जमिनीवरच बसला, आणि त्याने काहीतरी विचारलं. पुढे सीताबाईने सांगितलं की त्याने एवढंच विचारलं होतं, तो फोटो बघून दादा काय म्हणाला.

त्याच मांडवात सीताबाईने नवऱ्यालाही सांगितलं.

सोमवारी सकाळी उन्नती दुकानात आली तेव्हा केसरीनाथ आधीच फोन समोर धरून बसला होता. दामूच्या दाराखालचा हार निघाला होता. दुकानाच्या फोनवरून नव्हे, दामूच्या स्वतःच्या. थोड्या वेळाने त्याच्या चुलत्याचा निघाला. मग कोपऱ्यावरचा. मधेच ठकुबाईचा फोन आला, मानकोलीहून, तिला ॲप चालवता येत नव्हतं. टॉवरात राहायला गेले म्हणून मी काय भावकीतून गेले का, माझाही थांबवा, म्हणाली. दोन घरांनी नाही थांबवला. त्यांच्याकडे लडकूने नेहमीसारखी पुडी नेली.

पहाटे बांधलेल्या पुड्या टोपलीत तशाच पडून राहिल्या. उन्नती सासऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने पान ठेवायचं की काढायचं ते अजून सांगितलं नव्हतं, आणि एवढी फुलं एका सकाळी वाया जाणं हे दुकानदाराला न आवडणारंच.

केसरीनाथ दारांचे फोटो वर-खाली करत होता, काहीतरी शोधत असल्यासारखा.

“यात आपलं दार दिसत न्हाय,” तो म्हणाला.

उन्नतीने सांगितलं की आपला रतीब कुठे आहे, बाबा. आपल्या देवाला टोपलीतली फुलं.

“मग घाल आपलंही,” तो म्हणाला. “आणि शुक्रवारपर्यंत थांबव.”

मेव्हण्याचं एवढं सुतक आपल्याला लागत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. उन्नती फोन घेऊन मागच्या गल्लीत, घराच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. सीताबाई उंबऱ्यात बसली होती. फोटोसाठी ती उठून बाजूला व्हायला लागली, तर उन्नतीने तिला हाताने बसून राहायला सांगितलं.